सोने की प्लॅटिनम? गुंतागुंतीच्या घड्याळाची धातुनिवड

वेळ दाखविणे हे घड्याळाचे मूळ काम. त्यापलीकडे तारीख-वार सांभाळणे, चंद्राच्या कला दाखविणे, घंटानादाने वेळ सांगणे अशी जी जादा कामे यंत्राकडून करून घेतली जातात, त्यांना या व्यवसायात ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणतात. स्वित्झर्लंडमधील नामांकित कारखाने अशी घड्याळे बहुधा मौल्यवान धातूंत घडवितात. एकाच यंत्रासाठी पिवळे, गुलाबी वा पांढरे सोने आणि प्लॅटिनम असे पर्याय पुष्कळदा असतात. खरेदीची रक्कम एखाद्या सदनिकेच्या किमतीइतकी असू शकते. निवड मात्र अनेकदा केवळ रंगावर होते.

आपल्याकडे दागिना २२ कॅरटचा, म्हणजे हजारी ९१६ शुद्धतेचा घेण्याची रीत आहे. घड्याळाची केस मात्र सामान्यतः १८ कॅरटची, हजारी ७५० शुद्धतेची असते. यात फसवणूक नाही. झाकणाचे आटे आणि पट्टा अडकविण्याच्या जागा टिकायच्या, तर धातूला टणकपणा हवा. उरलेल्या २५० भागांत तांबे वाढविले की सोने गुलाबी होते, पॅलेडियम मिसळले की पांढरे. पांढऱ्या सोन्यावर बरेचदा ऱ्होडियमचा मुलामा असतो. तो कालांतराने झिजतो व पुन्हा द्यावा लागतो. मुलामा आहे की मिश्रधातूच मुळात पांढरा आहे, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. गुलाबी सोन्याचा रंग फिका पडण्याची तक्रार जुनी आहे. रोलेक्स कंपनीने २००५ साली आणलेल्या ‘एव्हरोज’ मिश्रधातूत थोडे प्लॅटिनम घातले ते याच कारणासाठी.

प्लॅटिनमची शुद्धता हजारी ९५० असते. २०१५ पासून सर्वसाधारणपणे प्लॅटिनमचा प्रतिग्रॅम भाव सोन्याहून कमी राहिला आहे. तरीही प्लॅटिनमचे घड्याळ सोन्याच्या घड्याळाहून महाग का, असा प्रश्न साहजिकच पडतो. समजा, १८ कॅरट सोन्याची एक केस ६० ग्रॅमची आहे. तिच्यात शुद्ध सोने ४५ ग्रॅम. तीच केस, त्याच मापाची, प्लॅटिनममध्ये घडविली तर घनता अधिक असल्याने ती ७८ ग्रॅमच्या आसपास भरेल आणि तिच्यात शुद्ध प्लॅटिनम सुमारे ७४ ग्रॅम असेल. शिवाय हा धातू चिवट आहे; कातकामात हत्यारे लवकर झिजतात, आणि वितळबिंदू सोन्याच्या १०६४ अंश सेल्सिअसऐवजी १७६८ अंश. म्हणजे जादा पैसा धातूइतकाच, किंबहुना अधिक, कारागिरीचा आहे. ओरखडा प्लॅटिनमलाही पडतो, पण धातू तुटून न जाता बहुतांशी बाजूला सरकतो. तो पूर्ववत चकचकीत करणे कुशल हाताचेच काम होय.

घंटानाद करणाऱ्या ‘मिनिट रिपीटर’ घड्याळात तर धातू आवाजातच उतरतो. जड प्लॅटिनम नाद शोषून घेते, म्हणून अनेक जाणकार येथे गुलाबी सोने पसंत करतात. माझे मतही तेच आहे. नित्य वापराच्या दिनदर्शिका-घड्याळासाठी मात्र पांढरे सोने मला अधिक सोयीचे वाटते. प्लॅटिनमचे वजन दिवसभर मनगटावर वागविणे सर्वांनाच मानवत नाही.

गुंतवणुकीच्या दृष्टीने पाहणाऱ्यांनी एक उदाहरण ध्यानात घ्यावे. पाटेक फिलिप कंपनीचे १५१८ हे मॉडेल १९४१ साली आले व त्याची सुमारे २८० घड्याळे बनली. बहुतेक सोन्याची, पोलादाची केवळ चारच ज्ञात आहेत. त्यांपैकी एक पोलादी घड्याळ नोव्हेंबर २०१६ मध्ये जिनिव्हातील लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीस गेले. सोन्याच्या भावाशी या आकड्याचे काही नाते नाही. घड्याळ मोडीत काढून धातूची किंमत वसूल करण्याचा हिशेब मांडणाऱ्याने सरळ वळे घ्यावे.

शुद्धतेची खात्री करण्यासाठी स्विस केसच्या आतील-बाहेरील ठसे पाहावेत. १९९५ पासून तेथील अधिकृत ठसा सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या मस्तकाचा आहे. भारतात जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांचे हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले, पण घड्याळे त्यातून वगळण्यात आली. म्हणून स्विस ठसा, हमीपत्र आणि क्रमांकासह पावती यांना येथे विशेष महत्त्व. तसेच एप्रिल २०२५ मधील अधिसूचनेने १० लाख रुपयांवरील मनगटी घड्याळाच्या विक्रीवर १ टक्का कर विक्रेत्याने गोळा करण्याची तरतूद झाली. त्या रकमेची नोंद आपल्या पॅन क्रमांकावर बरोबर झाली की नाही, हे पडताळून पाहावे.

अशी मौल्यवान वस्तू बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्याकडे स्वाभाविक कल असतो. मात्र चावी न मिळाल्यास यंत्र थांबते. लीप वर्षाचा हिशेब स्वतः ठेवणारी, इसवी सन २१०० पर्यंत दुरुस्तीची गरज न भासणारी दिनदर्शिकाही त्याबरोबर थांबते. सहा महिन्यांनी लॉकर उघडल्यावर तारीख, वार, महिना व चंद्रकला पुन्हा जुळवाव्या लागतात. मध्यरात्रीच्या आसपास, चक्रे तारीख बदलण्याच्या कामात गुंतलेली असताना, ही जुळवाजुळव केल्यास यंत्रास इजा होऊ शकते. म्हणून काटे प्रथम सकाळच्या वेळेवर आणून मगच कळ दाबावी, आणि तत्पूर्वी घड्याळासोबतची पुस्तिका वाचावी.