व्यापार-करार, तेलगिरणी आणि स्वस्त धान्य दुकान

सोयाबीनचे भाव उतरले किंवा धानाची सरकारी खरेदी लांबली, म्हणजे ‘हे सारे जागतिक करारामुळे झाले’ असे गावोगावी बोलले जाते. यात काही अंशी सत्य आहे, काही अंशी नाही. करार आपले हात कोठे बांधतो आणि निर्णय आपल्याच हाती कोठे राहतो, हे शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. कोणती मागणी कोणाकडे करावयाची, हे त्यावरच अवलंबून आहे.

करार कोणता?

१५ एप्रिल १९९४ रोजी मोरोक्को देशातील मराकेश येथे या करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. भारत तिचा प्रारंभापासूनचा सभासद आहे. कराराच्या शेतीविषयक भागात तीन बाबींवर मर्यादा आहेत : आयातकर, देशांतर्गत साहाय्य आणि निर्यातीचे अनुदान. त्यांपैकी पहिल्या दोहोंचा येथे विचार करू.

तेलगिरणीचा प्रश्न

प्रत्येक देशाने आपल्या आयातकराची कमाल मर्यादा लिहून दिली आहे. तिच्या आत कर किती ठेवावा, हे ज्याच्या त्याच्या सरकारने ठरवावयाचे. भारताची ही मर्यादा पामतेलासाठी ३०० टक्के, तर सोयाबीन तेलासाठी अवघी ४५ टक्के आहे. म्हणजे एका बाजूचे कुंपण उंच करण्यास पुष्कळ वाव आहे, दुसऱ्या बाजूस थोडा.

तथापि प्रत्यक्ष कर बहुधा या मर्यादेच्या बराच खाली राहिला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलांवरील मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के करण्यात आले. मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले गेले. हे दोन्ही निर्णय देशातच झाले. त्यांसाठी करारातील एक अक्षरही बदलावे लागले नाही. कर वाढला की बाहेरचे तेल महागते व गिरणीस देशी तेलबिया अधिक दराने घेणे परवडते. कर उतरला की गिऱ्हाइकास तेल स्वस्त मिळते, परंतु तेलबियांचा भाव दबतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येत असल्याने हा तोल सांभाळणे सोपे नाही.

सरकारी खरेदी आणि रेशन

गरिबांस अल्प दरात धान्य देण्यास करार आड येत नाही. अडचण आहे ती आगाऊ जाहीर केलेल्या भावाने होणाऱ्या खरेदीची. अशा खरेदीतून मिळणारे साहाय्य भारतासाठी त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंतच मान्य आहे.

शिवाय हे साहाय्य मोजण्याचे माप जुने आहे. आजचा आधारभूत भाव १९८६–८८ मधील बाह्य किमतीशी ताडून पाहिला जातो. समजा, त्या वेळची किंमत क्विंटलला ५०० रुपये, आजची जागतिक किंमत १,९०० रुपये आणि आपला जाहीर भाव २,००० रुपये आहे. खरा फरक १०० रुपयांचा; परंतु हिशेबात धरला जातो १,५०० रुपयांचा.

याच मापाने २०१८–१९ च्या हंगामात भारताने तांदुळाच्या बाबतीत १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली व २०२० मध्ये संघटनेस तसे कळविले. तरीही भंडारा-गोंदियाच्या धानाची खरेदी बंद पडली नाही. डिसेंबर २०१३ मधील बाली येथील निर्णयानुसार, ठरलेल्या अटी पाळल्यास अशा खरेदीविरुद्ध या मर्यादेवरून तंटा नेता येत नाही. कायम तोडगा निघेपर्यंत हे संरक्षण चालू राहील, असे नोव्हेंबर २०१४ मध्ये ठरले. मात्र ते त्या वेळी चालू असलेल्या योजनांना आणि परंपरागत अन्नपिकांनाच लागू आहे. २०२४ च्या अबूधाबी परिषदेतही कायम तोडगा निघाला नाही.

कार्यकर्त्यांनी काय सांगावे?

ग्रामसभेत हा विषय निघाल्यास दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्यात. आयातकर मर्यादेच्या आत असेल, तर तो वाढविण्याची किंवा स्थिर ठेवण्याची मागणी आपल्याच सरकारकडे करता येते. तेथे कराराची सबब चालत नाही. खरेदीची मर्यादा व तिचे जुने माप मात्र सर्व सभासद देशांच्या संमतीवाचून बदलणार नाही. खरेदी केंद्रावर काटा उशिरा लागला किंवा बारदान संपले, तर तो दोष व्यवस्थेचा होय; त्याची तक्रार तालुक्यातच करावी.