घाम न दिसणारा उन्हाळा

भोपाळचा जवाहर चौक तात्या टोपे नगरात आहे. येवल्यात जन्मलेल्या सेनानीचे नाव ऐकून मराठी प्रवाशाला आपलेपणा वाटतो. मे महिन्यातील ऊन मात्र परके असते. पाठीवर पिशवी टाकून बसने सांची किंवा भीमबेटका पाहण्यास निघालेल्या गोमंतकीयाने हे आधी जाणून घ्यावे.

गोव्याच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. तो अंगावरून निथळतो आणि पाण्याची आठवण करून देतो. माळव्याच्या पठारावरील कोरड्या हवेत घाम येताच उडून जातो. कपडे कोरडेच राहतात. शरीरातील पाणी किती घटले, याचा पत्ता लागत नाही. धावत्या बसच्या खिडकीतून येणारा तप्त वारा ही घट अधिकच वाढवतो.

उष्णतेच्या लाटेचा विचार हवामान खाते किनारपट्टीवर ३७ अंशांपासून, तर मैदानी भागात ४० अंशांपासून करते. म्हणजे भोपाळमध्ये लाटेचा इशारा नसतानाही ऊन आपल्या सवयीपलीकडचे असू शकते.

म्हणून पहाटेची बस धरावी, दुपारी १२ ते ३ सावलीत थांबावे आणि तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. सोबतीला कैरीचे पन्हे किंवा मीठ घातलेले ताक उत्तम. सहप्रवासी असंबद्ध बोलू लागला वा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बस चुकली तर दुसरी मिळते.