तीस पानांचे भांडवल

जैन घरात पत्त्यांचे नाव निघाले की पहिल्यांदा सप्तव्यसनांतील द्यूत आठवते, आणि ते स्वाभाविकच आहे. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची आडत सांभाळणाऱ्या वडिलांना मुलाच्या मोबाइलवर पाने दिसली, तर त्यांच्या डोळ्यांसमोर रमीच्या जाहिराती आणि त्यापायी कर्जात बुडालेली घरे उभी राहतात. मुलगा सांगतो, ‘यात पैसे लावत नाहीत.’ वडिलांचा विश्वास बसत नाही. कोणाचे किती खरे, हे ठरवायचे तर हा खेळ आतून कसा चालतो ते पाहावे लागते.

या खेळात भारताचे नाव पुढे आणले ते कच्छमधील भूजच्या तीर्थ मेहता यांनी. २०१८च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत ई-स्पोर्ट्सचा समावेश प्रदर्शनीय प्रकार म्हणून झाला होता. त्यात ‘हार्थस्टोन’ या डिजिटल पत्त्यांच्या खेळात मेहता यांनी व्हिएतनामच्या खेळाडूला ३-२ असे हरवून कांस्यपदक मिळवले. सुवर्ण हाँगकाँगला, रौप्य यजमान इंडोनेशियाला गेले. प्रकार प्रदर्शनीय असल्यामुळे हे पदक भारताच्या तालिकेत मात्र धरले गेले नाही.

अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीने २०१४ साली हार्थस्टोन बाजारात आणला. आपल्या नेहमीच्या ५२ पानांच्या कॅटात सर्वांसाठी पाने तीच असतात. येथे प्रत्येक खेळाडू हजारो पानांतून स्वतःची ३० पाने निवडून आणतो. यालाच डेक म्हणतात. एक पान फार तर दोनदा घेता येते. ‘लेजेंडरी’ दर्जाचे असेल तर एकदाच. प्रत्येक पानाला किंमत असते आणि ती ‘माना’ नावाच्या शक्तीत मोजतात. पहिल्या खेळीला एक माना, दुसऱ्या खेळीला दोन, अशी ती वाढत दहापर्यंत जाते. प्रतिस्पर्ध्याच्या नायकाचे ३० गुण शून्यावर आणले की डाव जिंकला.

नवशिक्या चुकतो तो निवडीत. त्याला आठ-दहा मानांची दांडगी पाने मोहात पाडतात. ती हातात येतात, पण सुरुवातीच्या खेळ्यांत खेळता येत नाहीत. तोपर्यंत समोरचा एक-दोन मानांची किरकोळ पाने मांडून अर्धे गुण कमी करून मोकळा होतो. हिंगोली किंवा वसमतच्या बाजारात सारी रक्कम गोदामातल्या हळदीत अडकवून बसलेल्या आणि रोजच्या लिलावात शेतकऱ्याला द्यायला हातात रोकड नसलेल्या व्यापाऱ्याची अवस्था याहून वेगळी नसते. माल उत्तम असतो, पण खेळते भांडवल संपलेले असते. म्हणून जाणता खेळाडू आधी कोणत्या किमतीची किती पाने झाली ते मोजतो आणि स्वस्त पाने पुरेशी ठेवतो. त्यासाठी आवडती पाने बाहेर काढावी लागतात; निवडीतला अवघड भाग तोच.

दैवाचा भाग आहेच, पण तोही मोजता येतो. आरंभ करणाऱ्याला तीन पाने मिळतात. एखादे पान डेकमध्ये दोनदा असेल, तर ते या तिनांत असण्याची शक्यता शंभरात सुमारे १९. नको असलेली पाने एकदा बदलता येतात. तिन्ही बदलली तर ती सुमारे ३७ पर्यंत जाते. आकडेमोडीची सवय असलेल्या घरातील मुलाला हे गणित शिकवावे लागत नाही.

खरी परीक्षा समोरचा काय आणणार याच्या अंदाजाची असते. ‘अ‍ॅसिडिक स्वॅम्प ऊझ’ हे दोन मानांचे साधे पान प्रतिस्पर्ध्याचे शस्त्र मोडते. स्पर्धेत शस्त्रधारी डेक फार दिसत असतील, तर ते सोन्यासारखे; नसतील, तर तीस जागांपैकी एक जागा जवळजवळ वाया. मोठ्या स्पर्धांत रूढ असलेल्या एका पद्धतीत खेळाडू चार डेक आणतो, प्रतिस्पर्धी त्यांतला एक बाद करतो आणि उरलेल्या तिन्ही डेकनी एकेक डाव जिंकावा लागतो. एकाच हुकमी डेकवर विसंबणारा तेथे टिकत नाही.

आता पैशाचे. वडिलांची शंका येथे अगदीच निराधार नाही. पाने पाकिटांतून मिळतात. एका पाकिटात पाच. आत काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही, आणि हे पाकीट रुपये देऊनही घेता येते. नको असलेले लेजेंडरी पान मोडले की खेळातल्या ४०० ‘डस्ट’ मिळतात. हवे ते लेजेंडरी घडवायला १६०० लागतात. म्हणजे मोडीत तीन चतुर्थांश तूट. शिवाय ‘स्टँडर्ड’ प्रकारातून दरवर्षी जुने संच बाद होतात. जिंकणाऱ्याला समोरच्याचा पैसा मिळत नाही, हे मुलाचे म्हणणे खरे. पण पाकिटांवर गेलेला पैसा परत येत नाही, हेही तितकेच खरे.

कायद्यानेही हा भेद केला आहे. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले होते. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने मात्र पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट मना केले. बँकांनी त्यांचे व्यवहार करण्यासही बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली.

खेळून मिळवलेल्या १०० सुवर्णनाण्यांत एक पाकीट येते आणि त्याची नोंद बँकेत होत नाही; रुपयांनी घेतलेले प्रत्येक पाकीट खातेउताऱ्यावर दिसते. एखाद्या रविवारी दुकान बंद झाल्यावर मुलाने आपला डेक आणि वडिलांनी तो उतारा शेजारी ठेवून बसावे. तीसपैकी कोणती पाने का घेतली आणि कोणती का गाळली, एवढे विचारले तरी तासभराचे बोलणे सहज निघेल.