भंडारदरा : आपल्या कालव्याच्या वरचे गाव

प्रवरेच्या कालव्यांवर ज्यांची शेती उभी आहे, अशा राहाता, श्रीरामपूर, राहुरी या भागांतील शेतकरी बंधूंना ‘आवर्तन’ हा शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पाणी केव्हा सुटणार, किती दिवस चालणार, शेवटच्या चारीपर्यंत पोहोचणार की नाही, याची चर्चा प्रत्येक पारावर होत असते. परंतु ते पाणी जेथे साठते ते ठिकाण पाहून आलेली माणसे त्याच पारावर फारशी भेटत नाहीत. ग्रामसेवक व कृषी सहायक बंधूंनी यंदा शेतकऱ्यांची अभ्याससहल काढावयाची ठरविल्यास ती प्रवरेच्या उगमाकडे न्यावी, अशी आमची सूचना आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अगदी वायव्य टोकास, अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत हे स्थळ आहे. धरणाचे नाव भंडारदरा असले तरी उतरावयाचे व बाजाराचे गाव शेंडी होय. अकोल्याहून राजूरमार्गे किंवा घोटीहून बारीमार्गे येथे येता येते. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचे गाव. महाराष्ट्रातील हे सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर उंच आहे.

धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले व १९२६ मध्ये पूर्ण झाले. उंची सुमारे ८२ मीटर, साठा सुमारे ११ अब्ज घनफूट. तत्कालीन गव्हर्नरांच्या नावावरून त्यास विल्सन धरण म्हणत. याच पाण्यावर खाली ऊस वाढला आणि १९५० साली लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. धरणाच्या भिंतीजवळ उभे राहून ही गोष्ट आठवली म्हणजे तो दगडी बांध निराळाच दिसू लागतो.

धबधबे पाहावयाचे तर पावसाळ्यात यावे. शेंडीपासून जवळच प्रवरा नदी रंधा येथे सुमारे ५० मीटर खोल कोसळते. पाणी भरात असताना काठावर उभे राहिल्यास बोललेले ऐकू येत नाही. कडा निसरडा असतो. कठड्यापलीकडे पाऊल टाकू नये, व बरोबरच्या तरुण मंडळींस हे आधीच बजावून ठेवावे. धरणाच्या पायथ्याशी छत्रीसारखा पसरणारा जो धबधबा लोक कौतुकाने पाहतात, तो मात्र धरणातून पाणी सोडले तरच दिसतो. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता रतनवाडी, साम्रद, घाटघर अशा वाड्यांतून जातो. रतनवाडीस अमृतेश्वराचे कोरीव पुरातन मंदिर आहे, आणि मागे रतनगड, जेथे प्रवरा उगम पावते. हा सर्व मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. बिबट्या, भेकर, तरस येथे आहेत, पण दिवसा त्यांचे दर्शन होईलच असे नाही. शेकरू मात्र उंच झाडांवर धीर धरणाऱ्यास दिसते.

घाटघरकडे चांगल्या वर्षी पाऊस ५,००० मिलिमीटरच्या घरात पडतो. खाली श्रीरामपूरकडे तो सुमारे ५०० मिलिमीटर. असे असूनही वरच्या कित्येक वाड्यांत उन्हाळ्यात बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी लांब जावे लागते. जमीन उताराची, खडक काळा व कठीण; पडलेले पाणी थांबत नाही. जलाशय डोळ्यांसमोर असतो, पण तो खाली आणि वस्ती वर. आमच्या मुक्कामी यजमानांनी स्नानासाठी दोन बादल्या पाणी पुढे केले तेव्हा ते कोठून आले हे विचारल्यावाचून राहवले नाही, आणि उत्तर ऐकल्यावर दुसरी बादली परत केली. उसाला मोकाट पाणी देणाऱ्या आपल्या बंधूंनी मे महिन्यात येथे एक रात्र काढावी. ठिबक सिंचनावरील आमच्या दहा व्याख्यानांचे काम त्या एका रात्रीत होईल.

मेअखेर ते जून हा काळ काजव्यांचा. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत लुकलुकतात. काजव्याची अळी ओलसर मातीत राहते व गोगलगाई खाते, म्हणजे ती शेतकऱ्याची सोबतीच होय. नर-मादी एकमेकांस प्रकाशाच्या खुणेने ओळखतात. मोटारीचे दिवे व विजेऱ्यांच्या झोतात त्या खुणा हरवतात, आणि गवतात बसलेले किडे बुटांखाली चिरडले जातात. अलीकडे या दिवसांत गाड्यांच्या रांगा लागतात. वनखात्याने प्रवेशाच्या वेळा ठरविल्या आहेत. त्या पाळाव्यात, दिवे मालवून वाटेवरूनच पाहावे.

याच झाडांच्या फांद्या भाताच्या रोपवाटिकेत राब भाजण्यासाठी तोडल्या जातात. नुसते ‘तोडू नका’ असे सांगून भागणार नाही. रोप तर तयार झालेच पाहिजे. येथे चारसूत्री भातपद्धतीचा उपयोग होतो. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळावी, बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीपूर्वी खाचरात घालावा, रोपे दोरीवर १५ व २५ सेंटिमीटर आलटून पालटून ठेवून लावावीत, आणि चार चुडांच्या मध्यभागी युरिया-डीएपीची एक गोळी खोल दाबावी. ज्यांनी हे करून पाहिले त्यांच्या खाचरावर पाहुण्यांना न्यावे.

मुक्कामासाठी जलाशयाच्या काठी पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, तंबूही पुष्कळ झाले आहेत. आमचा कल मात्र शेतकऱ्याच्या घरी उतरण्याकडे आहे. नागलीची भाकरी, वरईचा भात, पिठले एवढाच बेत असला तरी पैसा वाडीत राहतो. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले असून शेतकऱ्यास पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. वरच्या वाड्यांतील ग्रामसेवकांनी अर्ज भरून देण्यास हातभार लावावा. त्याचबरोबर शौचालयाचे सांडपाणी शोषखड्ड्यातच जाईल, तलावात नव्हे, याकडे प्रथमपासून लक्ष ठेवावे. तेच पाणी पुढे खालच्या गावांत प्यावयाचे आहे.

परतताना सवड असल्यास याच तालुक्यातील कोंभाळणे गावी जावे. तेथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बियाणे जतन केले असून २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जाण्यापूर्वी निरोप मात्र धाडावा. पेरणीच्या दिवसांत खेड्यात दिवसा घरी कोणी सापडत नाही.