डिझेलऐवजी गोडेतेल?
१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. मग आज गाडीत सरळ गोडेतेल का ओतत नाहीत? अडचण दाटपणाची. खाद्यतेल डिझेलपेक्षा कितीतरी पट दाट. इंजेक्टरच्या बारीक छिद्रांतून त्याचा नीट फवारा उडत नाही, ते अर्धवट जळते आणि काजळी धरते. म्हणून हौशी मंडळी दोन टाक्या बसवतात. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिनाच्या गरम पाण्याने तेल तापून पातळ झाले की त्यावर जायचे आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर यायचे. दुसरा मार्ग बायोडिझेलचा: मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोडा वापरून तेलातले ग्लिसरीन वेगळे काढायचे. वडे तळून उरलेले तेलही चालते; फक्त आधी ते गाळून त्यातले पाणी उडवावे लागते.