बत्तीस बोअरची गोळी आणि वस्तीवरची बाई

मागच्या आठवड्यात आपल्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला. मालक ट्रकवर असतात, घरात सासूबाई आणि दोन मुली. वस्ती गावापासून दीड किलोमीटर, चहूकडे ऊस. महिन्याभरात दोनदा रात्री कुणीतरी दाराची कडी वाजवून गेलं. ताईंनी विचारलं, "मॅडम, बायकांसाठी छोटं रिव्हॉल्व्हर मिळतं म्हणे. त्याची गोळी लहान असते. तिनं माणूस थांबतो का?"

मी पोलीस खात्यात नोकरी केलेली बाई. मला हा प्रश्न आवडला. बहुतेक लोक विचारतात, बंदूक कुठं मिळेल. या ताईंनी विचारलं, ती काम करते का.

ताई म्हणत होत्या ते रिव्हॉल्व्हर म्हणजे 'निर्भीक'. दिल्लीत डिसेंबर 2012 मध्ये जे घडलं, त्यानंतर जानेवारी 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं ते खास बायकांसाठी म्हणून विक्रीला आणलं. वजन अर्धा किलो, सहा गोळ्या, बोअर .32 आणि किंमत तेव्हा 1 लाख 22 हजारांच्या वर. तेवढ्यात दुभती म्हैस येते, हे माझ्या मनात तेव्हाही आलं होतं.

.32 म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले बत्तीस, साधारण 8 मिलिमीटर जाडीची गोळी. आपल्याकडे 9 मिलिमीटरसारखी काडतुसं लष्कर आणि पोलिसांसाठी राखून ठेवलेली आहेत, म्हणून साध्या परवान्यावर माणसाला .32 किंवा .22 मिळतं. म्हणजे बायकांचा हात नाजूक म्हणून काही हे काडतूस निवडलेलं नाही. परवाना असलेले पुरुषही तेच वापरतात. काडतूस तसं जुनं, 1896 सालचं अमेरिकेतलं. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या पोलिसांनी .32 ची रिव्हॉल्व्हर घेतली होती, पण पुढं तिकडचे पोलीस .38 कडे वळले.

आता खरी गोष्ट. सिनेमात गोळी लागली की माणूस उडून चार हात लांब पडतो. तसं होत नाही. गोळी जितका धक्का समोरच्याला देते, साधारण तितकाच चालवणाऱ्याच्या हाताला बसतो. .32 चा धक्का आपल्याला सहज पेलतो, मग त्यानं दांडगा गडी कसा उडेल? हातातल्या कुठल्याही बंदुकीची गोळी माणसाला दोनच प्रकारे नक्की थांबवते. एक तर ती मेंदूला किंवा मणक्यातल्या मज्जारज्जूला लागली तर. नाही तर रक्त वाहून वाहून त्याला भोवळ आली तर, आणि त्याला वेळ लागतो. अमेरिकेच्या एफबीआयनं 1989 मध्ये यावर एक अहवाल काढला. हृदय निकामी झालं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू शिल्लक असतो, असं त्यात म्हटलंय. त्या पंधरा सेकंदांत माणूस कोयता चालवू शकतो. तीन वर्षं आधी मायामीत एफबीआयचे दोन जवान अशाच चकमकीत गेले. गुन्हेगाराला सुरुवातीलाच जबर गोळी लागली होती, तरी तो लढत राहिला. आणि ती गोळी 9 मिलिमीटरची होती, .32 पेक्षा दुपटीहून जास्त ताकदीची.

मग .32 निरुपयोगी का? तसं मी म्हणणार नाही. जीव घ्यायला ती पुरेशी आहे, हे आधी ध्यानात ठेवा. गोळी लागल्यावर, कधी नुसती बंदूक बघूनही, पुष्कळ जण पळतात. धक्का कमी असल्यानं नेमही टिकतो. पण समोरचा दारू प्यालेला किंवा सूडानं पेटलेला असेल, तर तो पळेलच याची हमी लहान गोळी देत नाही. .22 तर आणखी हलकी. तिच्यात पेट घेणारा मसाला काडतुसाच्या तळाच्या कडेत असतो, त्यामुळं गोळी न फुटण्याचा धोकाही जास्त.

माझ्या मते गोळीपेक्षा मोठा प्रश्न वेळेचा आहे. 1983 साली डेनिस टुलर नावाच्या अमेरिकन पोलिसानं मोजून पाहिलं. 21 फुटांवरचा माणूस दीड सेकंदात अंगावर येतो, आणि कमरेची बंदूक काढून नेम धरायला सरावातल्या पोलिसालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. 21 फूट म्हणजे तुमच्या अंगणाच्या कडेपासून ओसरीपर्यंत. आता बंदूक पर्समध्ये, पर्स कपाटात, कपाटाला कुलूप. आणि घरात मुली असताना कुलूप लावावंच लागतं. आम्ही खात्यात असताना सरावाला जायचो, तेव्हा भर उजेडात, थांबलेल्या पुठ्ठ्यावरही आमच्या गोळ्या चुकायच्या. अंधारात, घाबरलेल्या हातानं काय होईल? कडी वाजवणारा कधी पाण्याची पाळी सांगायला आलेला शेजारीही असतो.

परवान्यासाठी वय 21 पूर्ण लागतं, अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असेल तिथं पोलीस आयुक्तांकडे. प्रशिक्षणाचा दाखला लागतो, पोलीस चौकशी होते. निवडणूक आली की बहुतेकांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. गावठी कट्ट्याचं नावच काढू नका. तो हातात फुटतो आणि वर तुरुंगही होतो.

कायदा मात्र बाईच्या बाजूनं भक्कम आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. बलात्काराच्या इराद्यानं किंवा ॲसिड घेऊन कुणी अंगावर आला, तर त्याचा जीव जाईपर्यंतही प्रतिकार करता येतो, हे कलम 38 सांगतं. मग हातात विळा असो की मुसळ. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर आरोपी तुम्ही.

आणखी एक, जरा कडू बोलते. सरकारी नोंदी वर्षानुवर्षं सांगतात, बलात्काराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. दीर, शेजारी, पाहुणा. त्याच्यासाठी तुम्ही दार स्वतः उघडता. आणि जिथं नवराच दारू पिऊन मारतो, त्या घरात आलेली बंदूक कुणाच्या हाती जाईल, ते मी सांगायला नको.

त्या ताईंशी मी नंतर तासभर बोलले. सव्वा लाख त्यांच्याकडे नव्हतेच. दाराला आतून आडणा बसवला, अंगणात उजेडाचा दिवा लावला, कुत्रं पाळलं. गटातल्या पाच जणींचे नंबर मोठ्या मुलीनं पाठ केले, आणि 112 कसा लावायचा ते सासूबाईंना शिकवलं. कडी वाजवणाऱ्याची तक्रार ठाण्यात लेखी दिली, तारीख-वेळेसकट, पोच घेऊन. परवा फोन केला तर म्हणाल्या, कुत्रं रात्रभर भुंकतं, झोप होत नाही.