जुन्या जीपचा काळा धूर

आमच्या मिशनच्या जुन्या डिझेल जीपचा ई.जी.आर. व्हॉल्व्ह आम्ही तीनदा साफ करून घेतला. दर वेळी दोन महिन्यांत चढावर पुन्हा काळा धूर! हा व्हॉल्व्ह थोडा धूर परत इंजिनात सोडतो. त्यामुळे ज्वलनाची उष्णता उतरते व नायट्रोजनचे विषारी वायू कमी होतात. काजळीने तो उघडाच अडकला, की इंजिनाला हवा अपुरी पडते. पण एवढी काजळी येते कुठून? शेतवाटेच्या धुळीने आमचा एअर फिल्टर गच्च भरला होता. तो बदलल्यावरच धूर थांबला. इंजेक्टरही तपासून घ्यावेत. काही बंधू पत्रा ठोकून व्हॉल्व्ह कायमचा बंद करतात; ते आम्हांस पटत नाही. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. बंद शेडमध्ये तर इंजिन मुळीच चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साईडला वासही नसतो.